परदेशी निरीक्षक नेमकं काय बघतात?

सुनीता_कर्वेनगर:
काल सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासगटात केनियावरून दोन तास वाद झाला, म्हणून इथे मांडते. ८ ऑगस्ट २०१७ ला तिथे मतदान झालं. युरोपीय संघ, आफ्रिकी संघ, अमेरिकेतली कार्टर सेंटर ही संस्था, सगळ्यांचे निरीक्षक हजर होते. दोनच दिवसांत त्यांची एकंदर समाधानाची निवेदनं आली. १ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ४ विरुद्ध २ मतांनी अध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. गडबड मतदारांच्या रांगेत नव्हती, निकालपत्रकं वर पाठवण्यात आणि पडताळण्यात होती. न्यायालयानं सांगूनही निवडणूक आयोगानं सर्व्हर नीट तपासू दिले नाहीत. माझं स्पष्ट मत: निरीक्षकांपेक्षा कायद्यावर जोर द्या. केंद्रावरच्या निकालाची सही केलेली प्रत प्रत्येक पक्षाला मिळालीच पाहिजे आणि न्यायालयाला निकाल देण्यासाठी ठरलेली मुदत हवी.

माधव_एरंडवणे:
सुनीताताई, ती निवेदनं प्राथमिक होती, अंतिम प्रमाणपत्र नव्हे. आणि झांबिया का विसरता? तिथले अध्यक्ष कौंडा १९६४ पासून सत्तेवर, मधली कित्येक वर्षं एकच पक्ष. १९९१ ला बहुपक्षीय निवडणूक झाली तेव्हा सरकारी आकड्यावर विश्वास कोण ठेवणार होतं? निरीक्षकांनी निवडक केंद्रांचे निकाल गोळा करून समांतर बेरीज केली. कौंडा हरले आणि त्यांनी हार मान्य केली. जिथे न्यायालय सत्ताधाऱ्याच्या मुठीत असतं तिथे तुमचा कायदा कपाटात पडून राहतो.

निवृत्त_केंद्राध्यक्ष:
मी शिक्षक होतो. पाच निवडणुकांत पुण्यातल्या शाळांमध्ये केंद्राध्यक्ष म्हणून बसलो, त्यामुळे सुनीताताईंचा मुद्दा मला हातानं माहीत आहे. मतदान संपलं की यंत्र बंद करायचं, ‘टोटल’ दाबून आलेला आकडा १७-सी या मतांच्या हिशेबाच्या नमुन्यात लिहायचा, मतदार नोंदवहीशी जुळवायचा. मग उमेदवारांच्या हजर प्रतिनिधींना प्रत देऊन पोच घ्यायची. एका वर्षी संध्याकाळी सहानंतर माझ्यासमोर एकच पोरगा उरला होता. बाकीचे प्रत न घेताच निघून गेले. त्यानं मेणबत्तीवर लाख वितळेपर्यंत थांबून आकडा दोनदा वाचून घेतला. मतमोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा ताडून बघायला तीच प्रत लागते. कायदा प्रत देतो, ती घ्यायला माणूस पक्षानं ठेवायला हवा.

सुनीता_कर्वेनगर:
सर, मला हेच म्हणायचं आहे! मलावीत मे २०१९ च्या निकालपत्रकांवर व्हाइटनर लावून आकडे बदलले होते. ते उघड झालं कारण कागद शिल्लक होते आणि विरोधक ते घेऊन न्यायालयात गेले. ३ फेब्रुवारी २०२० ला निवडणूक रद्द, जूनमध्ये पुन्हा मतदान, आणि विरोधी नेते चाकवेरा जिंकले.

अॅडव्होकेट_शिवाजीनगर:
पण मधे आठ महिने गेले, आणि तोवर ज्याच्या निवडीवर खटला होता तोच अध्यक्ष राज्य करत होता. केनियाच्या २०१० च्या घटनेत अध्यक्षपदाच्या निवडीविरुद्ध याचिका करायला ७ दिवस आणि न्यायालयाच्या निकालाला १४ दिवस. तेही फार कमी, तेवढ्यात पुरावा कसा तपासणार? आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं ४५ दिवसांत उच्च न्यायालयात जावं लागतं, सुनावणी सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा एवढंच म्हटलंय. माझ्या एका अशिलाच्या याचिकेचा निकाल लागला तोवर त्या सदस्याची पाच वर्षं संपली होती. हरलो असतो तरी चाललं असतं, वेळेत हरायला हवं होतं.

माधव_एरंडवणे:
वकीलसाहेब, मान्य. पण मलावीच्या त्या पाच न्यायाधीशांना निकालाच्या दिवशी लष्करी बंदोबस्तात, बुलेटप्रूफ जाकिटं घालून न्यायालयात यावं लागलं. अशा वेळी जगाचे डोळे तिथे असावेत की नसावेत?

सुनीता_कर्वेनगर:
असावेत. पण मतदानानंतर दोन दिवसांत विमान पकडून परतणारे नकोत. शेवटची याचिका निकाली निघेपर्यंत राहणार असतील तर मी तुमच्या बाजूनं, माधवराव.