लॅबला मेटिंगसाठी मागणी आली आहे, द्यावा का?

साताऱ्याचा_बंड्या
नमस्कार मंडळी. आमचा बंड्या पिवळा लॅब्रॅडॉर, वय अडीच वर्षं. राजबिंडा दिसतो, तब्येत ठणठणीत, लसी वेळच्या वेळी. सासऱ्यांच्या एका मित्रांकडे काळी लॅब आहे. ती पुढच्या महिन्यात हीटवर (माजावर) येईल आणि काका मागे लागलेत की बंड्याला द्या. बदल्यात पहिल्या पसंतीचं पिल्लू किंवा रोख पैसे. घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, "त्यालाही एकदा तरी संसार नको का?" बायको म्हणते, नसती उठाठेव. बंड्याचे केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) वंशावळीचे कागद आहेत, तिचे बहुतेक नाहीत. हो म्हणण्याआधी काय काय बघावं? जाणकारांनी सांगावं.

खारी_बिस्कीट
एकदा मेटिंग झालं की नर शांत होतो असं ऐकून आहे. आमच्या शेजाऱ्यांनी त्यासाठीच लावला होता.

गुरांचा_डॉक्टर
मग शेजाऱ्यांना विचारा, झाला का शांत. बहुतेक वेळा उलटंच होतं. सोफ्याच्या पायावर धार मारणं, गल्लीत कुठे माजावरच्या कुत्रीचा वास आला की जेवण सोडून फाटकाशी रडत बसणं, हे वाढतं. नराचं मेटिंगवाचून काहीही अडत नाही, आईंना तेवढं सांगा.

आता तपासण्या. लॅबमध्ये पहिला नंबर खुब्याच्या सांध्याचा. हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, आनुवंशिक आहे, आणि कुत्रा पळतो-उड्या मारतो म्हणजे खुबे चांगले, असं अजिबात नाही. भूल देऊन, उताणा निजवून, मागचे पाय सरळ ताणून आणि गुडघे आत वळवून एक्स-रे काढावा लागतो. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर काढलेला जास्त भरवशाचा, म्हणजे तुमचं वय बरोबर आहे. कोपरांचाही त्याच भुलीत उरकून घ्या. डोळे तपासा. जमलं तर गालाच्या आतून स्वॅब घेऊन डीएनए चाचणी करा. आंधळेपणा आणणारा पीआरए आणि पळताना मागचे पाय लुळे पाडणारा ईआयसी, हे दोन्ही दोष लॅबमध्ये असतात. कुत्रा नुसता वाहक असेल, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आला असेल, तर त्याला स्वतःला काही होत नाही, पण वाहकाला वाहक लावला तर साधारण चौथा हिस्सा पिल्लं आजारी निघतात.

दोन्ही वृषणं खाली उतरलेली आहेत ना? एक जरी पोटात राहिलं असेल तर विषय तिथेच संपला.

आणि रक्ताची ब्रुसेला चाचणी दोघांचीही, मेटिंगच्या आधी. या जंतूने गाभण कुत्री शेवटच्या आठवड्यांत पिल्लं टाकते, नराची वृषणं सुजतात आणि पुढे तो निकामी होतो. औषधांनी पूर्ण जाईल याची खात्री नाही. माणसालाही लागण होऊ शकते.

फरशीवरचा_मोती
मी पिल्लू घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. आम्ही घेतानाच विचारलं होतं, आईबापांचे खुब्यांचे एक्स-रे आहेत का. उत्तर मिळालं, "बाप एकदम टॉप आहे साहेब", आणि मोबाइलवर बापाचा फोटो. मोती आठ महिन्यांचा असताना गुळगुळीत फरशीवरून उठायला लागला की मागचे दोन्ही पाय बाहेर घसरायचे. खाली बसायचा, आमच्याकडे बघायचा, पुन्हा प्रयत्न करायचा. जिना चढताना मागचे पाय जोडीने उचलायचा, सशासारखे. आता घरभर रबरी मॅट आहेत, वजन आटोक्यात ठेवतो, थंडीत वेदनाशामक गोळ्या. तो टॉप बाप अजूनही मेटिंगला जातो. मादीवाल्याला दोष देऊन भागत नाही, कारण तिची वर्षाला एक वीण, नराची मात्र गावभर. त्यामुळे नरवाल्याची जबाबदारी जास्त, असं माझं मत.

जतचा_शिकारी
मोतीच्या मालकांना +१. आमच्या भागात कारवानी (शिकारी जातीचे कुत्रे) पाळतात. तिकडे एखाद्या कुत्र्याचं नाव झालं की पंचक्रोशीतल्या सगळ्या माद्या त्याच्याकडेच. चार-पाच वर्षांनी नवा नर शोधायला जावं तर जो तो त्याचाच मुलगा नाहीतर नातू. तुम्ही विचारलं का, काकांची कुत्री कुठून आणली?

दुसरं, स्वभाव. बंड्या दिवाळीच्या फटाक्यांना कसा आहे? ताटलीला कोणी हात लावला तर गुरगुरतो का? हेही पिल्लांत उतरतं.

अवांतर: पिवळी पिल्लं मिळतील या आशेवर असाल तर सांगून ठेवतो, लॅबमध्ये काळा रंग पिवळ्यावर मात करतो. आईत पिवळ्याचा अंश नसेल तर एकही पिल्लू पिवळं निघणार नाही.

साताऱ्याचा_बंड्या
आत्ताच काकांशी बोललो. कुत्री सोळा महिन्यांची आहे. ज्या माणसाकडून आम्ही बंड्या घेतला, त्याच्याकडूनच तीही आणली! बाप कोण, काकांना माहीत नाही. एक्स-रेचं विचारलं तर हसले. "अरे, कुत्र्यांची कसली रे पत्रिका बघतोस!"

गुरांचा_डॉक्टर
मग प्रश्नच मिटला. केंद्राच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांत नर-मादी दोघांनाही किमान १८ महिन्यांची अट आहे, शिवाय आधी पशुवैद्याचा दाखला. पिल्लं विकणाऱ्याला राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नियम राहू द्या बाजूला, बाप एकच निघाला तर तुम्ही भावाला बहीण देताय. कागदांशिवाय ते कळणार कसं?

खारी_बिस्कीट
पण काकांनी परस्पर गल्लीतल्या नराला लावली तर?

गुरांचा_डॉक्टर
तर टीव्हीटीची भीती. मेटिंगमधून पसरणारा ट्यूमर. जननेंद्रियावर फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ येते, रक्त ठिबकत राहतं. मोकाट कुत्र्यांत सर्रास दिसतो. व्हिनक्रिस्टीनची दर आठवड्याची इंजेक्शनं देऊन बहुतेक वेळा बरा होतो, पण काकांना दवाखान्याच्या खेपा चुकणार नाहीत. मादी हीटवर असताना तीन आठवडे दोरीशिवाय बाहेर नको. आणि पिल्लं काढायचीच नसतील तर हीट संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी नसबंदी.

साताऱ्याचा_बंड्या
ठरलं, नाही म्हणतो. पण सासऱ्यांचे मित्र, शब्द मोडायचा कसा?

जतचा_शिकारी
सरळ डॉक्टरांवर ढकला. "डॉक्टर नको म्हणाले" याला अजून कोणत्याही काकांकडे उत्तर नाही.

गुरांचा_डॉक्टर
खुशाल ढकला. एक्स-रे मात्र काढून घ्या, मेटिंग नसलं तरी. अडीच वर्षांच्या लॅबचे खुबे कसे आहेत हे माहीत असलं की त्याला किती पळवायचं आणि वजन किती ठेवायचं ते ठरवता येतं. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवण, सकाळी मात्र काही देऊ नका, भूल द्यायची आहे. आईंना आधीच बजावून ठेवा, नाहीतर त्या गपचूप पोळी भरवतील.