दिवसभर उभं राहायची पहिली नोकरी, पाय कधी सरावतात?

डोंबिवलीकर_नवखा
बी.कॉम. झालं आणि लोअर परळच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात लागलो. काम अवघड नाही. घड्या घालायच्या, साईज शोधून द्यायची, ट्रायल रूमबाहेरचा ढीग परत जागेवर लावायचा. पण फ्लोअरवर बसायचं नाही. खुर्चीच ठेवलेली नाही. जेवणाची सुट्टी सोडली तर दुपारी बारा ते रात्री नऊ उभाच, आणि मग करी रोडवरून स्लो लोकलला लटकून घरी. आई ताट वाढेपर्यंत मी लादीवर आडवा झालेला असतो.

सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत अशी कळ येते की भिंत धरावी लागते. जरा चाललो की कमी होते. काळे फॉर्मल बूट सक्तीचे. मी स्टेशनबाहेरून स्वस्तातले घेतले, तळ एकदम कडक आहे.

कॉलेजात कबड्डी खेळायचो, त्यामुळे नुसतं उभं राहून दमतो हे सांगायलाही लाज वाटते. त्यात आजोबा 1982च्या संपापर्यंत इथल्याच एका गिरणीत साच्यावर उभे असायचे. म्हणजे घरात कुरकुर करायची सोयच नाही. सगळे म्हणतात सवय होईल. खरंच होते का?

निवृत्त_सिस्टर
बाळा, लाज कसली? पालिकेच्या रुग्णालयात वॉर्डात माझी सगळी नोकरी उभ्याने झाली. कबड्डीत तू पळतोस तेव्हा पोटऱ्या आवळतात, सुटतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. एका जागी थांबलास की ते काम मंदावतं, रक्त खाली साचतं, पाय जड होतात. म्हणून चालणाऱ्यापेक्षा ताटकळणारा लवकर दमतो. गिऱ्हाईक नसेल तेव्हा रॅकमागे टाचा वर-खाली करत राहा, एक चक्कर मार. एक पाय खालच्या फळीवर टेकव, मग दुसरा. कमरेलाही बरं पडतं.

सवय पोटऱ्यांना होईल. टाचेला आपोआप होणार नाही, तिच्याकडे बघावं लागेल. तू सांगतोस त्यावरून तळव्याची पट्टी दुखावलेली दिसते, डॉक्टर तिला प्लांटर फॅसिया म्हणतात. रात्री ती आखडते आणि पहिल्या पावलाला एकदम ताणली जाते. उठण्याआधी पलंगावरच पाय लांब करून टॉवेल चवड्यात अडकव आणि सावकाश स्वतःकडे ओढ. रात्री बाटलीत पाणी गोठवून, मोजे घालून तळव्याखाली फिरव. मिठाच्या कोमट पाण्यात पाय खुशाल बुडव, छान वाटतं, पण टाच त्याने बरी होत नाही. घरात अनवाणी फिरू नकोस, लादी कडक असते. आईला काय सांगायचं ते सांग, पण मऊ चप्पल घाल.

टॉयलेट लांब म्हणून पाणी कमी पिणारी पोरं मी खूप पाहिली. तसं करू नकोस. आणि एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखून गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. मालिश करत बसू नकोस.

गादीवरचा_दादरकर
सिस्टरताईंचं सगळं बरोबर. ते कडक बूट बदलायला हवेत, पण पहिला पगार व्हायच्या आधी नवे कुठून आणणार? आत्ता फक्त मऊ इनसोल टाक. मी साड्यांच्या दुकानात, दिवसभर गादीवर मांडी घालून. माझे गुडघे गेले, तुझी टाच. धंदाच असा, भावा.

दुसरं म्हणजे स्टॉक रूमचं काम मागून घे. टॅग लावणं, मोजदाद करणं, हे बसून होतं. नवीन पोरं ते कंटाळवाणं म्हणून टाळतात, जुनी त्याच्यासाठी भांडतात. खुर्चीचं म्हणशील तर केरळात दुकानातल्या बायका त्यासाठी लढल्या, 2018 मध्ये कायद्यात बदल करून घेतला. तामिळनाडूतही 2021 मध्ये झाला. एकट्याने मॅनेजरशी वाद घालू नकोस, चौघे मिळून बोला.

आणि करी रोडला कशाला चढतोस? तिथे गाडी सीएसएमटीकडूनच भरून येते. परळ स्टेशनला चालत जा. 2019 पासून तिथूनही लोकल सुटतात, रिकामी गाडी लागते. तुझ्या वेळेला आहे का ते एम-इंडिकेटर अॅपवर बघ.

डोंबिवलीकर_नवखा
परळ लोकलचं डोक्यातच आलं नव्हतं. टॉवेलवालं आज सकाळी केलं, पहिलं पाऊल थोडं सुसह्य गेलं. बूट मात्र पगारानंतरच. मऊ तळाचे पण फॉर्मल दिसतील असे बघताना काय तपासायचं?

निवृत्त_सिस्टर
संध्याकाळी जा, दिवसभरात पाय सुजतात, तेव्हाचंच माप खरं. कामावरचे मोजे घालूनच बघ. पुढे बोटभर जागा हवी, टाच घट्ट बसायला हवी. हातात धरून वाकव: चवड्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर परत ठेव. दुकानदार म्हणेल घालून घालून सैल होईल. ऐकू नकोस.

गादीवरचा_दादरकर
आम्ही पण गिऱ्हाईकाला असंच सांगतो 😄