शुद्ध गंधार चढा लागतो – कानाची सवय कशी मोडावी?

भूपवेडी:
बारा वर्षं पेटीवर गायले, पट्टी काळी पाच, म्हणजे माझा सा पेटीच्या पाचव्या काळ्या सुरावर. आता नव्या बाईंकडे ख्याल शिकतेय. तिथे पेटी बंद, नुसता तानपुरा. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "गंधार (ग) चढा आहे." त्यांनी लावून दाखवला तो मला चक्क उतरलेला वाटला! कान बदलतो का? किती दिवसांत? आणि तानपुरा कोणता घेऊ?

खर्ज:
ताई, कान बिघडलेला नाही, पेटीला सरावलाय. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग, म्हणून शुद्ध गंधार षड्जापासून (सा पासून) ४०० सेंटवर; अख्ख्या सप्तकाचे १२०० सेंट धरतात. तानपुऱ्यातला स्वयंभू, म्हणजे तारेतून आपोआप उमटणारा गंधार षड्जाशी कंपनांच्या ५:४ नात्याचा, सुमारे ३८६. बारा वर्षं ४०० ऐकल्यावर ३८६ उतरलेला वाटणारच. पंचमाची काळजी नको, तिथे फरक जेमतेम दोन सेंट.

नुसती खर्जाची (खालच्या सा ची, जाड) तार छेडा आणि विरेपर्यंत ऐका. वर, दोन सप्तकं सोडून, बारीक गंधार बोलतो. पहिल्या दिवशी नाही सापडणार. एकदा सापडला की लपत नाही. मग आकारात ('आ' म्हणत) तुमचा ग लावा. पेटीचा लागला तर काळी पाचला सेकंदाला चार-पाच हेलकावे येतील. आवाज केसभर उतरवत न्या. हेलकावे मंदावत जातात आणि एका क्षणी थांबतात. ती जागा. फोनच्या स्पीकरवर हे करू नका, खर्ज मरतो.

सूरघाशा:
मी पेट्या लावतो. सूर, म्हणजे पेटीतली पितळी जीभ, बुडाशी घासला की उतरतो, टोकाशी घासला की चढतो; तेव्हा पेटीचा गंधारही ३८६ वर आणता येतो. पण तो एकाच पट्टीचा, षड्ज बदलला की सगळं विस्कटतं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्ससाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी श्रुतींची (सप्तकातल्या बारीक सूरभेदांची) पेटी केली, ती याच ओढीनं. तानपुरा मिरजेला जाऊन घ्या. तुमच्या पट्टीला जनानी (बायकांच्या आवाजाचा). जवारी (घोडीवर तार टेकते तिथली घासणी, जिच्यामुळे तार झणकारते) स्वतः बसून ऐका, दुसऱ्यावर सोपवू नका.

पहाटरियाज:
मला तीन महिने लागले. रोज पहाटे वीस मिनिटं फक्त सा आणि ग, पेटी कपाटात. एका लग्नात की-बोर्डवरचा ग टोचला तेव्हा कळलं, कान फिरला. भावगीताला की-बोर्ड असला की मात्र माझा आवाज आजही आपसूक वर सरकतो. दोन्ही सवयी शेजारी शेजारी नांदतात.

भूपवेडी:
काल रात्री मैत्रिणीच्या तानपुऱ्यावर तासभर बसले. तार विझता विझता तो गंधार ऐकू आला. किती शांत आहे! शनिवारी मिरजेला निघतेय.