मदत हवी आहे: फॉरमॅट मारल्यावर लॅपटॉपचा आवाज गायब

तिसरी_घंटा:
लॅपटॉप फॉरमॅट मारून विंडोज परत टाकली, तेव्हापासून आवाज नाही. खाली कोपऱ्यात स्पीकरवर लाल फुली येते. ट्रबलशूटर चालवला, रीस्टार्ट झाला, नेटवरून रिअलटेकचा, म्हणजे आवाजाच्या चिपचा, ड्रायव्हर (विंडोजला चिप चालवता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) टाकला, काही फरक नाही. उद्या सकाळी ऑनलाइन मुलाखत आहे. 'म्यूट आहे का बघा' असलं काही लिहू नका प्लीज. लवकर सांगा.

मोरावळा:
कीबोर्डवरचं म्यूटचं बटण दाबलं गेलंय का? आमच्याकडे नातवानं तेच केलं होतं.

तिसरी_घंटा:
काका, शेवटच्या ओळी वाचा ना.

सोल्डरगन:
कंपनी? मॉडेल? विंडोज १० की ११? प्रोसेसर कुठला? इथे कुणी कुडमुड्या जोशी बसलेला नाही.

तिसरी_घंटा:
विंडोज ११. आधी १० होती. इंटेल आय५, अकरावी पिढी. मॉडेल कशाला हवंय? रिअलटेक सगळीकडे सारखंच ना?

रात्रपाळी:
१० नीट चालत होती तर हात कशाला लावायचा? हौस दांडगी.

हळदीचं_दूध:
१४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा सपोर्ट संपला म्हणून.

रात्रपाळी:
संपला म्हणजे मशीन बंद पडतं का? माझी ७ अजून मस्त पळतेय. बँकेची कामंसुद्धा तिच्यावरच.

हळदीचं_दूध:
बँकेची?! धन्य आहात.

पेंग्विनकाका:
विंडोज काढून लिनक्स मिंट टाका. ड्रायव्हर शोधत बसायची भानगडच नाही.

सोल्डरगन:
काका, भानगड तिथेही आहे. साउंड ओपन फर्मवेअर (आवाजाच्या हार्डवेअरला लागणारं सॉफ्टवेअर) नसेल तर याच पिढीच्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये खऱ्या स्पीकरऐवजी 'डमी आउटपुट' दिसतं आणि माणूस अल्सामिक्सर, म्हणजे तिथला आवाज कमीजास्त करायचा प्रोग्रॅम, उघडून रात्रभर बसतो. मुलाखत उद्या आहे हो तिची.

पेंग्विनकाका:
मिंटमध्ये ते फर्मवेअर आधीच असतं. बरं, टाकू नका, नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघा. तिथे आवाज आला तर स्पीकर ठणठणीत. दुकानदार मदरबोर्ड गेला म्हणून सांगायला टपलेलेच असतात.

सोल्डरगन:
हे मात्र बरोबर. पण त्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'अदर डिव्हायसेस' खाली पिवळं चिन्ह असलेलं काही आहे का?

तिसरी_घंटा:
'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर'. तिथे अपडेट ड्रायव्हर केलं, काही सापडत नाही म्हणतो.

सोल्डरगन:
त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. व्हीईएन_ नंतरचा आकडा सांगा.

तिसरी_घंटा:
८०८६.

मोरावळा:
वा! ८०८६ म्हणजे इंटेलचा १९७८ सालचा प्रोसेसर. त्याचाच भाऊ ८०८८ पहिल्या आयबीएम पीसीत होता. आमच्या हापिसात तसलं एक मशीन होतं, एसी फक्त त्याच्याच खोलीला.

सोल्डरगन:
काका म्हणतात तोच आकडा इंटेलनं स्वतःची ओळख म्हणून ठेवलाय. म्हणजे अडलंय ते इंटेलपाशी, रिअलटेकपाशी नाही. या लॅपटॉपांत रिअलटेकची चिप इंटेलच्या स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजीच्या, म्हणजे आवाज हाताळणाऱ्या इंटेलच्या भागाच्या, मागे बसलेली असते. पुढचं दार उघडल्याशिवाय विंडोजला ती दिसतच नाही, मग रिअलटेकचा ड्रायव्हर कितीही टाका. मॉडेल याचसाठी विचारत होतो. कंपनीच्या साइटवर तुमच्याच मॉडेलच्या पानावर जा. ड्रायव्हर या क्रमानं टाका: आधी चिपसेट, मग स्मार्ट साउंड, रीस्टार्ट, मग रिअलटेक, परत रीस्टार्ट. काही कंपन्या दोन्ही एकाच ऑडिओ पॅकेजमध्ये देतात. आणि 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये'वाली सॉफ्टवेअरं घेऊ नका, नको ते गळ्यात पडतं.

रात्रपाळी:
एवढ्या वेळात १० परत टाकून झाली असती.

हळदीचं_दूध:
आणि आवाज तेव्हाही आला नसता. ड्रायव्हर तिथेही लागतोच.

कडकलक्ष्मी:
मुलाखतीला मोबाइलला इअरफोन लावून बसा की. माझी भाची तशीच लागली नोकरीला.

तिसरी_घंटा:
त्यांना स्क्रीन शेअर करून हवीय, लॅपटॉपच लागणार. स्मार्ट साउंड टाकून रीस्टार्ट करतेय.

तिसरी_घंटा:
आला आवाज! रिअलटेक टाकायच्या आधी माइक ॲरेपण दिसायला लागला, तो गेलाय हे मला माहीतच नव्हतं.

सोल्डरगन:
माइकही त्याच दारातून येतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी बघून ठेवा आणि आत्ताच कुणाला तरी कॉल लावून तपासा. उद्या सकाळी नको.

नवा_गडी:
माझ्याकडेपण आवाज येत नाहीये, मदत करा. डेस्कटॉप आहे, एचडीएमआयवर नवीन मॉनिटर लावलाय.

सोल्डरगन:
साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुट बघा, मॉनिटर निवडला गेला असेल. बऱ्याच मॉनिटरना स्पीकरच नसतात. तेवढ्यानं नाही झालं तर वेगळा धागा काढा, आणि मॉडेल लिहा बाबा.