शकुंतलेच्या रुळाकडेनं रविवारची पायपीट

विजयभाऊ: अचलपूर ते पथ्रोट चालायचं म्हणता, तर एक गोष्ट आधीच. शकुंतला, म्हणजे अचलपूर-मूर्तिजापूरची छोटी रेल्वे, बंद पडली, पण जागा रेल्वेचीच आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ : विनापरवानगी शिरलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रेल्वेच्या भुसावळ विभागाकडं लेखी अर्ज द्या.

प्रणालीताई: आणि परवानगी आलीच नाही तर?

विजयभाऊ: तर बाजूचे पांदण रस्ते धरायचे. फाटकापाशी उभं राहूनही रूळ नीट पाहता येतात.

सुरेशकाका: परवानगी आली तरी रुळांच्या मधून चालू नका. स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, एका पावलाहून जवळजवळ असतात, पाऊल तोकडं पडतं, गिट्टीवर घोटा मुरगळतो. कडेनं चाला. उघड्या पुलावर तर चढायचंच नाही, खाली नाल्यात उतरून पलीकडं निघायचं. पाऊस झाला असेल तर ३-४ दिवस थांबा. काळी माती बुटाला किलोकिलोनं चिकटते अन् भरावाच्या कडा ढासळतात.

मीनाकाकू: सापांचं काय जी? मुलं येणार आहेत.

सुरेशकाका: गिट्टीत अन् गवतात घोणस दडून बसते. घोट्यावरचे बूट, हातात काठी, पडक्या स्टेशनात हात घालणं बंद. चावलाच तर फडकं आवळू नका, चिरा देऊ नका. पाय हलू न देता १०८ ला फोन, अन् थेट अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय.

विजयभाऊ: सापापेक्षा तारेची भीती जास्त आहे बाप्पा. रानडुकरांसाठी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तारेत वीज सोडणारी झटका मशीन असते, तिचा झटका थांबून थांबून येतो. पण काही ठिकाणी चोरून थेट २३० व्होल्ट सोडलेले असतात, त्यात माणूस मरतो. गुडघ्याएवढी तार दिसली की ओलांडू नका, शेतमालकाला हाक मारा.

प्रणालीताई: रूळ इतके अरुंद काऊन आहेत?

सुरेशकाका: २ फूट ६ इंच. कापूस न्यायला कमी खर्चात टाकलेली लाइन. अचलपूर-मूर्तिजापूर ७६ किमी. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन इथं १९९४ पर्यंत धावलं. बोल्ट, खिळे आठवण म्हणून उचलू नका, ती चोरी ठरते.

विजयभाऊ: माणशी ३ लिटर पाणी. सकाळी ६:३० ला निघायचं, १० वाजता परत, वाटेत सावली नाही. पुलाखाली आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आवाज काहीच नको. नावं बुधवारपर्यंत द्या, अर्जासोबत यादी जोडायची आहे.