झंस्कारच्या खोऱ्यात लोक हिवाळा काढतात तरी कसा?

डोंगरवेडी:
बरेच दिवस लडाखमधल्या झंस्कारचा मॅप बघतेय आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. पदुम या तिथल्या मुख्य गावाजवळ दोन नद्या एकत्र येतात आणि ती नदी पुढे निम्मूला सिंधूला मिळते, म्हणजे लेह तसं जवळच की! मग गाडीरस्ता इतकी वर्षं कारगिलवरून, पेन्सी-ला चढून, एवढ्या लांबच्या वळशाने का होता? आणि ती खिंड बर्फाने बंद झाली की आतली माणसं करतात काय, खातात काय? ट्रेकचे फोटो ढीगभर मिळतात, माणसांबद्दल कोणी धड लिहीत नाही. कोणी राहून आलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

खिंडीपलीकडे:
मॅपवर जवळ दिसतं पण ते फसवं आहे. पदुमच्या आसपास खोरं चांगलं ऐसपैस आहे, शेतं आहेत, माळ आहेत, पण झांगला गाव मागे पडलं की नदी झंस्कार रांगेत शिरते आणि मग नुसती घळ, दोन्हीकडे उभे कडे, उन्हाळ्यात काठाने चालायलाही जागा मिळत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तीच नदी गोठते आणि तिचाच रस्ता होतो, तो म्हणजे चादर. म्हणजे खिंड बंद असते तेव्हा नदी चालू. ट्रेकवाले नंतर आले हो, मुळात ती लोणी विकायला लेहला जायची वाट, आणि बापाने मुलाला तिकडच्या शाळेत पोचवायची वाट, रात्री गुहेत मुक्काम करत.

दोन नद्यांपैकी दोडा येते पेन्सी-लाजवळच्या द्रंग-द्रुंग हिमनदीतून, दुसरी लुंगनाक आग्नेयेकडून. दक्षिणेला मुख्य हिमालय आडवा उभा आहे त्यामुळे पावसाळी ढग पलीकडेच अडतात. इथे जे काही पाणी ते बर्फाचं. हे लक्षात ठेवा, तिथलं सगळं जगणं त्यावरच चालतं.

पायवाट:
मी लुंगनाकच्या बाजूला एका घरात आठ दिवस राहिले होते, सप्टेंबरमध्ये. तेव्हाच कळलं की यांचा हिवाळा उन्हाळ्यातच सुरू होतो. बायका जनावरं घेऊन वरच्या कुरणांवर जातात, त्याला डोक्सा म्हणतात, तिथे दूध काढायचं, लोणी करायचं, छुर्पे म्हणजे तिकडचं चीज वाळवायचं. खाली जव आणि वाटाणा कापून झाला की गच्चीच्या कडेने चारा आणि शेणाच्या गोवऱ्या रचायच्या, लांबून बघितलं तर घराला जाडजूड काठ लावल्यासारखं दिसतं. थंडी उणे ३० पर्यंत उतरते, मग सगळं घर आतल्या एका खोलीत येतं आणि जनावरं खालच्या मजल्यावर, त्यांची ऊब वर येते.

घरातल्या आबी-लेने (आबी म्हणजे आजी, ले म्हणजे आपल्या जी-सारखं) मला कोठीची खोली दाखवली. भाजलेल्या जवाच्या पिठाच्या गोणी, वाळवलेली भाजी, आणि कातड्यात शिवून ठेवलेलं लोणी. तिने एक शिवण नखाने उसवून लोण्याचा कण माझ्या तळहातावर ठेवला, वास उग्र होता, पण गरम गुरगुर चहात (तिकडचा मीठ-लोण्याचा चहा) पडलं की काय लागतं म्हणून सांगू! आणि एक, कुणी वारलं तर घरच्यांना कशाला हात लावावा लागत नाही, फास्पुन म्हणजे एकच कुलदैवत मानणारी चार-पाच घरं येऊन सगळं करतात. बर्फात अडकलेल्या गावात याहून मोठा आधार कुठला असणार.

डोंगरवेडी:
पायवाट ताई, किती छान लिहिलंत! पण आता रस्ता झालाय ना? मग हे सगळं संपणार का? वाचून वाईटच वाटलं मला.

खिंडीपलीकडे:
हो, निम्मूपासून पदुमवरून हिमाचलातल्या दारचा गावापर्यंतचा २९८ किलोमीटरचा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेला, आणि त्याच वाटेवरच्या शिंकू-ला खिंडीखालच्या ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचं काम त्याच वर्षी जुलैत सुरू झालं. पण वाईट वाटून घेऊ नका, खरंच. अडलेल्या बाळंतिणीला हिवाळ्यात बाहेर काढायचं तर हेलिकॉप्टरची वाट बघत बसायचं, हे त्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलंय. खोरं दुर्गम राहावं असं आपल्याला वाटतं, त्यांना विचारा.

मला काळजी रस्त्याची नाही, पाण्याची वाटते. पदुमजवळ कुमिक नावाचं गाव आहे, झंस्कारातल्या सगळ्यात जुन्या गावांपैकी एक मानतात. वरचा बर्फ कमी होत गेला, ओढा आटत गेला, आणि लोकांनी खाली मारथांगच्या ओसाड माळावर नवं गाव वसवायला घेतलं, लुंगनाकमधून कालवा खणून. पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून! नदी डोळ्यासमोर वाहत असते पण ती खोल खाली, शेतं वर, त्यामुळे तिचा उपयोग शून्य, सगळा जीव त्या डोंगरावरच्या ओढ्यात.

पायवाट:
हे अगदी खरं. मी होते त्या गावात पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. आबी-लेचा नातू पहाटे उठून फावडं घेऊन जायचा, पाटातला दगड आणि मातीचा गोळा काढून पाणी आपल्या वाफ्यात घ्यायचा, पाळी संपली की तोच गोळा परत तिथे थापून दाबून बसवायचा. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असेल, पण एक थेंब वाया जाऊ देत नव्हता.

डोंगरवेडी:
कुमिकला जायचं पक्कं केलं. पायवाट ताई, सप्टेंबर बरा की जुलै? आबी-लेसाठी इथून काय नेलं तर उपयोगी पडेल?