मदत हवी आहे: युरोपीय संघाच्या शेजारधोरणाचे यश कोणत्या कसोटीवर मोजावे?

नमस्कार. मी नागपुरात राज्यशास्त्रात एम. ए. करते आहे आणि युरोपीय संघाचे शेजारधोरण हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. २००४ मध्ये दहा नवे देश संघात आले, त्याच सुमारास पूर्वेकडील सहा आणि दक्षिणेकडील दहा शेजाऱ्यांसाठी हे धोरण आखले गेले. सुधारणा करा, त्याबदल्यात बाजारपेठ, निधी आणि व्हिसाच्या सवलती मिळतील, असे त्याचे सूत्र होते. सदस्यत्वाचे आश्वासन मात्र त्यात नव्हते.

माझी अडचण इथेच सुरू होते. पूर्वेकडील मोल्दोव्हाने २०१४ मध्ये संघाशी सहयोग करार केला, त्याच वर्षी तेथील नागरिकांना व्हिसाविना प्रवासाची मुभा मिळाली आणि जून २०२२ मध्ये युक्रेनबरोबर त्यालाही उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. वरवर पाहता हे धोरणाचेच फळ वाटते. परंतु तो दर्जा रशियाने युक्रेनवर चढवलेल्या मोठ्या आक्रमणानंतर चार महिन्यांत मिळाला, आणि तोही संघाच्या कराराच्या कलम ४९ खाली, म्हणजे सदस्यत्वाच्या वाटेने. शेजाऱ्यांशी विशेष संबंधांची तरतूद कलम ८ मध्ये आहे. मग जे देण्याचे धोरणाने टाळले होते, त्याच्याच आशेने सुधारणा झाल्या असा आक्षेप कोणी घेतला, तर त्याचे खंडन कशाच्या आधारे करावे?

दक्षिणेचे चित्र मला अधिक क्लेशदायक वाटते. अरब देशांतील २०११ च्या क्रांतीनंतर ‘जितक्या अधिक सुधारणा, तितकी अधिक मदत’ हे तत्त्व पुढे आले, तेव्हा सर्वाधिक आशा ट्युनिशियाकडून होती. संघ आणि ट्युनिशिया यांच्यातील जुलै २०२३ च्या समझोत्यात मात्र स्थलांतर रोखण्याला ठळक स्थान मिळाले, आणि त्याच्या दोनच वर्षे आधी अध्यक्ष कैस सईद यांनी तेथील संसद स्थगित केली होती. ज्या समाजाने लोकशाही स्वतः लढून मिळवली, त्याच्याबाबतीत सुधारणांची अट इतकी सैल का झाली, हे प्रबंधात स्पष्टपणे मांडायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे.

मार्गदर्शक सरांच्या मते मोल्दोव्हा आणि ट्युनिशिया या दोन्ही देशांना एकच कसोटी लावावी. मला पूर्व आणि दक्षिण अशी स्वतंत्र प्रकरणे योग्य वाटतात. शिवाय २०१५ च्या फेरआढाव्यानंतर सर्व देशांचे प्रगती अहवाल दरवर्षी एकाच साच्यात येईनासे झाले, त्यामुळे सलग तुलना तुटते. या विषयावर काम केलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे, की २०१५ नंतरच्या काळासाठी कोणते निर्देशक दोन्ही बाजूंना न्याय देतील, आणि डिसेंबर २०२३ मध्ये उमेदवार ठरूनही पुढच्याच वर्षी प्रवेशाच्या वाटाघाटी २०२८ अखेरपर्यंत बाजूला ठेवणाऱ्या जॉर्जियाचा विचार कोणत्या प्रकरणात करावा?